करवत माशाचं नागपूर ऑफिस

दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसून एकच काम करू लागली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडचे तर शंभर टक्के खरे, शपथेवर सांगतो. म्हणजे एकात थोडी भर घातलीय. कुठं ते शेवटी सांगीन, तोवर सगळं खरं धरा.

आम्ही तिघं: सुलभाताई आमच्या साहेब, मग मनोहर आणि मी. काम काय, तर तोंडापुढे लांब दातेरी करवत असलेला तो करवत मासा किनाऱ्यावरून कसा कमी होत गेला, याचा माग ठेवणं. कोळ्यांना विचारून विचारून ताई एकेका गावापुढं 'संपला' लिहीत गेल्या. एक गाव तेवढं बाकी ठेवलं होतं. तिथं एकानं जरी म्हटलं, "मी जिवंत पाहिला," तरी त्यांना पुरे होतं.

ऑफिस मनीषनगरात. "समुद्राचं काम नागपुरात काहून?" असं कोणी विचारलं की ताई म्हणायच्या, "दोन्ही किनारे सारखेच दूर पडतात. भांडण नाही."

*

खालचे काका एकदा जिन्यात भेटले.

"वर काय करून राहिले गा तुम्ही?"

"मासे मोजतो."

"किती झाले?"

"यंदा एकही नाही."

काकांनी जरा विचार केला. "मंग तिघं कायले लागतात?"

*

इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात या माशाची करवत टांगलेली आहे, असं कळलं. मासा नसला तरी करवत मोजून तो केवढा होता याचा अंदाज येतो, म्हणून टेप घेऊन गेलो. आजोबांनी मुंबईहून आणलेली करवत शेठजींनी उतरवली. उभी धरली तर मनोहरच्या खांद्यापर्यंत आली. मग आत जाऊन वडिलांच्या काळातली आणली. ती पोराच्या कंपासपेटीत मावली असती.

"एवढीशी?" ताई म्हणाल्या.

"महागाई हाय, ताई."

मनोहर हसला. ताई टेप गुंडाळत राहिल्या.

*

कोकणातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी फोन लावला. सारी हयात बोट चालवलेला माणूस.

"होता ना," तो म्हणाला. "जाळ्याच्या चिंध्या करायचा. आम्ही रोज देवीला सांगायचो, याला आमच्याकडे धाडू नको."

"मग?"

"ऐकलं देवीनं."

मी फोन ठेवला. मनोहरनं विचारलं, "काय म्हणे?"

"रेंज गेली."

*

गावात जाताना आम्ही माशांच्या चित्रांची कार्डं नेतो. त्यात एक मासा मुद्दाम खोटा टाकायचा असतो, म्हणजे सगळ्यालाच 'पाहिला, पाहिला' म्हणणारे गळतात. त्याचं चित्र काढायचं काम माझ्याकडं. मी झुबकेदार मिशा काढल्या, अंगावर नारिंगी पट्टे ओढले. एका गावात चौघांनी तो ओळखला. पाचवा म्हणाला, "काटे फार. पण कालवणाला बरा."

ताईंनी पाचही साक्षी बाद केल्या. "तुह्या माशाले गिऱ्हाईक हाय गा," मला म्हणाल्या. "माह्याले नाही."

*

मग ते शेवटचं गाव. तिथला एक तरुण तांडेल, बोटीवरच वाढलेला. कार्डं एकेक करून पाहत होता. कोणता मासा कोणत्या पाण्यात, कधी येतो, सारं न अडखळता. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "असाच माणूस पाहिजे होता."

"तुमच्यात एक कार्ड खोटं असतं म्हणे," तो म्हणाला. "हे घ्या."

त्यानं करवत मासा ताईंच्या हातात दिला.

"तोंडाला करवत? जरा पटेल असं तरी काढायचं."

माझा मिशीवाला खऱ्यांच्या गठ्ठ्यात होता.

ताईंनी वहीत त्या गावाचं पान काढलं. मग मनोहरपुढं हात केला. "पेन दे."

*

कबुली राहिली. इतवारीतली ती लहान करवत मी रचली. शेठजी आत गेले होते खरे. हात हलवत बाहेर आले.

"आजोबांनंतर कोणाले भेटलीच नाही," म्हणाले.