आवाज येऊन राह्यला का?

घरचा फोन काढून टाकायची अक्कल दादाची. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गोष्टीवरून माझं डोकं आजही फिरतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला. आम्ही गोंदियापलीकडच्या बालाघाटचे. बाबा जंगलखात्यातून रिटायर झालेले, आई घरी, आणि मी गावातच सासरी, इथल्याच शाळेत शिकवणारी. इंटरनेटवर बोलणं नवीनच निघालं होतं तेव्हाची ही गोष्ट. दादाचं म्हणणं, नेटवर जवळपास फुकटात बोलता येतं, मग घरचा फोन कशाला पोसायचा? त्यात आमचा फोन पावसाळ्यात हमखास मरायचा. बाबा तक्रार करून यायचे, लाइनमन खांबावर चढायचा, फोन थोडे दिवस जगायचा आणि परत डेड. शेवटी बाबांनी हात टेकले. एक दिवस फोन पिशवीत घालून ते ऑफिसात परत करून आले.

आई त्या दिवशी नीट जेवली नाही. "फोन घरात होता तं पोरगं घरात हाय असं वाटे," म्हणाली. "आता पोराशी बोलाले बजारात जावं लागन काय?"

तसंच झालं. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं बसस्टँडकडच्या सायबर कॅफेत जायचो. आधी तो एसटीडी बूथ होता, काचेवर पिवळी अक्षरं अजून तशीच होती. आई त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची. मी म्हणायचे, "अवं आई, त्याले तू दिसत नाहीस, नुसता आवाज जाते." त्यावर ती म्हणायची, "मले तं माहीत आहे ना म्या काय नेसली ते."

प्लायवूडच्या त्या केबिनीत धड दोन माणसं मावत नव्हती, आम्ही तिघं कोंबून बसायचो. हेडफोन एकच. ज्याच्या कानाला तो, त्यालाच दादा ऐकू यायचा. बाकीच्या दोघांनी त्याचं तोंड बघायचं आणि अंदाज करायचा. आणि दादाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आवाज येऊन राह्यला का?" आमचंही तेच. येऊन राह्यला, गेला, आता आला, परत गेला. अर्धा वेळ त्यातच जायचा. एक बोललं की ते पोचायलाच वेळ लागायचा, मग दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम गप्प व्हायचे. बाबा तर असे ओरडायचे की कॅफेवाला यायचा नि म्हणायचा, "अंकल, थोड़ा धीरे, पूरा बाज़ार सुन रहा है."

त्या हिवाळ्यात आईचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. रविवारी दादा म्हणाला, "आई, तिथला माइक खराब आहे. घोगरं ऐकू येऊन राह्यलं. बदलून माग." कॅफेवाल्याने माइक बदलून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी त्या बिचाऱ्याशी भांडले, की लोकांकडून पैसे घेता आणि भंगार सामान ठेवता. त्याने तिसरा माइक लावला, अगदी नवाकोरा. आवाज घोगराच.

मग आम्ही डॉक्टरकडे गेलो. इथल्यांनी गोंदियाला पाठवलं, गोंदियावाल्यांनी नागपूरला. गळ्यात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं: आतलं आवाजाचं यंत्रच काढावं लागेल, बाई वाचतील, गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतील, पण बोलणं परत येणार नाही. आईने एकच विचारलं, "किती दिवस आहे आवाज?" डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सांगितली.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "त्याले बलावून घ्या. आवाज हाय तवर घरात बसून बोलीन त्याच्यासंग. मले त्या डब्यात नाही बोलाचं."

बस, तिचं एवढंच मागणं होतं.

दादाला सांगायचं बाबांनी स्वतःकडे घेतलं. असलं काही बापानं सांगावं, असं त्यांचं मत. रविवारी हेडफोन त्यांच्या कानाला. आई आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलो. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"बाबू, मायच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. नागपूरले. गाठ आहे गाठ!" मग तारीख सांगितली, दोनदा. मग ओरडून, "आवाज जाणार म्हणते डॉक्टर! आवाज! आवाज जाणार आहे, आवाज!" मग बराच वेळ काही नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. "बरं... बरं बाबू."

तेवढ्यात लाइन गेली. बाबांनी हेडफोन काढला. डोळे भरून आले होते त्यांचे. "हौ बाबा म्हणे. येतो म्हणे," ते म्हणाले, आणि आई कितीतरी दिवसांनी हसली.

पुढच्या रविवारी कॅफेचं नेट बंद होतं, रस्ता खोदताना कुठंतरी केबल तुटली होती. आम्हाला काही वाटलं नाही. जो येऊनच राह्यला आहे, तो फोन कशाला करेल?

आणि आईने एक विलक्षण गोष्ट सुरू केली. ती बोलेचना. पाणी हवं तर हाताने खूण, मीठ कमी आहे तर बोटं चोळून दाखवणार. मी घाबरले. विचारलं तर कसंबसं पुटपुटली, "त्याच्यासाठी ठेवून राह्यली." माझा असा संताप झाला! म्हटलं, "अवं, आवाज काय लोणचं आहे का, बरणीत घालून ठेवायला? आणि आम्ही कोण? आम्हाले नको का ऐकाले?" तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि तांदूळ निवडायला बसली. ते दिवस असेच गेले. तिचं माझ्याशी बोलणं असं शेवटचं कधी झालं, तेही मला नीट आठवत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पण तिला जबरदस्तीने बोलायला लावणार कसं?

नागपूरला निघेपर्यंत दादा आला नाही. बाबा म्हणाले, "तो थेट नागपूरलेच उतरते. इमान तिथंच येते ना." हॉस्पिटलात भरती झालो. आई दाराकडे तोंड करून पडायची. ऑपरेशनच्या सकाळी तिने मला कानाला मूठ लावून खूण केली. फोन लाव, कुठवर आला विचार.

हॉस्पिटलसमोर एसटीडी बूथ होता. दादाच्या मोबाइलचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला त्याने, आणि काय सांगू, आवाज इतका स्वच्छ, जसा काही बाजूला उभा राहून बोलतो आहे.

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"घरी. काहून वं? आज ऑपरेशन ना? मी पुढच्या महिन्यात येऊन राह्यलो की. बाबांले सांगितलं ना म्या. तवा निवांत बोलू म्हटलं, या लाइनीवर काही समजत नाही."

"दादा, आईचा आवाज जाणार आहे."

"नाही वं, आज तं एकदम साफ येऊन राह्यला."

रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली एवढ्या जोराने मी ओरडले, "लाइनचा नाही रे! आईचा! बोलणंच जाणार आहे तिचं, कायमचं!"

तो म्हणाला, "तिले दे. आत्ता दे फोन."

कुठून देऊ? आई तिसऱ्या मजल्यावर, फोन रस्त्यावर. "ठेवू नको," म्हणून मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि जिने चढत पळाले. आईला स्ट्रेचरवर घेऊन निघालेच होते. मी नर्सला म्हटलं, पाच मिनिटं, खाली फोन आहे. ती म्हणाली, इंजेक्शन दिलंय, आता कुठे खाली नेता? तिचंही खोटं नव्हतं.

आईने मला बघितलं. "आला?" तिने विचारलं. आठवड्याहून जास्त दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी, अगदी खरखरीत.

"पुढच्या महिन्यात येते म्हणतो, आई. त्याला समजलंच नाही."

तिने बाबांकडे पाहिलं. "मले हौ म्हणे ना वं तो. येतो म्हणे," ते लहान पोरासारखे म्हणाले.

आई म्हणाली, "येऊ द्या तवा. घरचा चिन्नोर संपला. लालबर्र्याहून आणून ठेवजा. त्याले दुसरा भात चालत नाही."

एवढा जपून ठेवलेला आवाज, तो तांदळावर खर्च झाला. दार बंद झालं. मी खाली आले तर रिसीव्हर जागेवर ठेवलेला होता. बूथवाला म्हणाला, बाई, किती वेळ धरून बसू, मागे लोकं उभे आहेत. पुन्हा नंबर लावला, तो लागला नाही. दादाही तिकडून लावत असणार.

तिकीट बदलून दादा चार दिवसांत आला. आईच्या गळ्याला पट्टी, त्यात नळी. तो तिच्या पलंगाशी बसून रडला. म्हणाला, ऑपरेशन, गाठ आणि तारीख एवढंच ऐकलं होतं, लहानसं काही असेल वाटलं. पुढे बाबा "आवाज जाणार, आवाज जाणार" ओरडत होते. "म्या म्हटलं, हौ बाबा, आवाज जाऊनच राह्यला, पुढच्या महिन्यात येतो." बाबांना मधलं काही पोचलंच नव्हतं, फक्त "हौ बाबा" आणि "येतो". कुणावर चिडू? मी जन्माची चिडकी, पण मला तिथे चिडायलाही माणूस सापडला नाही. आईने लालबर्र्याचा चिन्नोर शिजवायला लावला आणि त्याला समोर बसवून वाढला.

तो परत गेला, आणि रविवार आला तशी आई ठेवणीतली साडी नेसून तयार. मी म्हटलं, तू काय करशील तिथे? तिने कानाला हात लावून दाखवला. ऐकीन.

कॅफेवाल्याला कळलं होतं. त्याने आमच्या केबिनीत हेडफोनऐवजी स्पीकर लावून ठेवले होते, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. आई मधल्या खुर्चीवर बसली. खरखर झाली आणि दादाचा आवाज आला, सवयीने, नेहमीसारखा.

"हॅलो आई, आवाज येऊन राह्यला का?"

आणि मग त्याच्याच लक्षात आलं. तिकडून काहीच ऐकू येईना. आई त्या काळ्या स्पीकरकडे बघून जोरजोरात मान हलवत होती, हौ, हौ म्हणून. मी माइक बाबांकडे सरकवला. शेवटी बाबा माइकशी वाकले. पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत.

"हौ बाबू," ते म्हणाले. "तुझा येऊन राह्यला."