शेवंताकाकूंची मोकळी हवा

मी शिंकले की भिंतीपलीकडून शेवंताकाकू ओरडायच्या, "काल दही खाल्लंस न्हवं?" नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या भिंती इतक्या पातळ की खोटं बोलायची सोयच नव्हती. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. काका वारल्यापासून शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत.

पाऊस सरला की मला शिंकांचा झटका यायचा. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे. डॉक्टरांच्या गोळीनं शिंका थांबत, पण झोप अशी यायची की डोकं टेबलावर टेके. न्हावा शेवा बंदरात कस्टमची कामं करणाऱ्या एका ऑफिसात मी नुकतीच लागले होते, अजून कायम व्हायची होते. साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, पुन्हा झोप लागली तर घरीच झोपा." नोकरी गेली असती तर गावी परत जाण्याशिवाय मला गत्यंतर नव्हतं.

मग काकूंनी मला ताब्यात घेतलं. "गोळी दे फेकून. पोट सुधार, नाक आपोआप सुधारतंय!" दही, केळं, फ्रीजचं पाणी बंद. सकाळी आलं-तुळशीचा काढा, झोपताना हळदीचं दूध, मध्ये वाफारा. ताक मात्र चालेल म्हणाल्या.

"पण काकू, ताक दह्याचंच ना?"

"लोणी काढलं की त्यातला दोष जातो. शिकलेल्या तुम्ही, एवढं कळंना?"

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून ताकही बंद झालं. पेरू एका दिवशी थंड ठरे, दुसऱ्या दिवशी गुणाचा. डबा उघडला की काय खावं आणि काय टाकावं, मला उमजेना.

सगळ्यावर कडी म्हणजे पहाटेचा फेरा. सेक्टरातल्या रिकाम्या प्लॉटांवर तेव्हा कमरेएवढं गवत माजलेलं असे, वर तुरे डोलत. त्यातून काकू मला अनवाणी चालवत. "दवात पाय भिजले की डोळ्यांची आग जाते. घे, मोकळी हवा भरून घे!" मी घ्यायचे आणि घरी येईस्तोवर शिंकून बेजार व्हायचे. "विकार बाहेर पडतोय," काकू समाधानानं म्हणत. मला ते पटायचंही आणि नाहीही. ऑफिसला जाताना मात्र चोरून गोळी घ्यावीच लागे.

पुढे काकू नातवाच्या बारशाला साताऱ्याला गेल्या. मी काढा घेतला, दही टाळलं, फक्त फिरायला गेले नाही. शिंका बंद! गोळीची गरजच पडेना. साहेब कागद तपासून म्हणाले, "असंच काम राहिलं तर करू कायम." मला हसावं की रडावं ते कळेना. काकूंना सांगायचं कसं?

त्या परतल्या आणि पहाटे दार वाजलं. मी एका दमात सांगून टाकलं, "काकू, मला गवताचाच त्रास होतो. तिकडं गेले की शिंका, शिंका आल्या की गोळी, आणि गोळी घेतली की नोकरी जाणार."

काकू दारातच उभ्या राहिल्या. "मग नको येऊस, बाई," म्हणाल्या, पण हलेनात. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "हे गेल्यापासनं पहाटेचं घर खायला उठतंय बघ. एकटीनं भाईर पडायचा धीर हुईना. तुझं नाक आपलं निमित्त."

इतके दिवस औषध कोण कुणाला देत होतं, काही समजेना. मी चपला घातल्या. "चला. पण डांबरी रस्त्यानं."

"रस्त्यावर कसली आलीय मोकळी हवा?" काकू कुरकुरल्या. तरी जिना उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते स्टेशन येईपर्यंत सोडलं नाही.