सुचिताचा उजवा हात

पुष्पाबाईंनी सुचिताला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तिच्या हातात कंपासपेटी होती आणि समोरच्या पोराच्या कपाळातून रक्त गळत होतं. डोणगावच्या शाळेतला सातवीचा वर्ग. तुरटीच्या पाण्यात दोरा सोडून मुलांनी खडे वाढवायचे होते. सुचिताचा खडा वर्गात सगळ्यांत मोठा, काचेसारखा झाला होता. प्रेमनं गंमत म्हणून तिचा ग्लास गदगदा हलवला आणि खडा सुटून तळाशी फुटला.

"का मारलंस त्याला?" बाईंनी विचारलं.

"त्यानं हलवला. हलवायचा नसते, हे तुमीच सांगतलं होतं, बाई."

माफीचं नाव नाही. बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, प्रेमच्या कपाळावर हळद दाबली, आणि शाळा सुटल्यावर तिला दुसरा ग्लास दिला. पोरगी तापट होती, पण तिचा राग उगाचचा नव्हता, हे बाईंच्या लक्षात आलं होतं.

पुढे ती शिकत शिकत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचली. तिचे वडील निवृत्ती पारावर सांगायचे, "पोरगी सापाच्या इखावर काम करते." मग गावात कुणाच्या घरात साप निघाला, की लोक तिला फोन करायचे. ती चिडायची. सुट्टीत बाईंकडे आली, की मात्र चहा गार होईपर्यंत समजावून सांगायची. घोणसाच्या विषातलं एक प्रथिन घ्यायचं, त्याचे मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक वाढवायचे, केसाएवढ्या बारीक फासानं थेंबातून एकेक उचलायचा, गोठवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखरून जे ठिपके उमटतात, त्यांवरून आतला अणू न् अणू कुठं बसलाय ते काढायचं.

"उचलतानाच निम्मे फुटतात, बाई. नाजूक असले की सगळे मलाच हाक मारतात." उजवा हात पुढं करून ती हसली. "हा कापत नाही. हा आहे म्हणून मी आहे तिथं."

तो वैशाखाचा महिना होता. निवृत्तींच्या शेजारचं वावर त्यांचे थोरले भाऊ हिंमतराव यांचं. हिंमतरावांचा मुलगा ऋत्विक यानं ट्रॅक्टर घालून मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरून टाकला, आणि हद्दीचा दगड उपटून निवृत्तींच्या वावरात दहा-बारा फूट आत नेऊन रोवला. निवृत्ती गप्प बसले. "भाऊ हाये तो माहा," एवढंच म्हणाले.

सुचिता गप्प बसणारी नव्हती. आजोबांनी वाटणी करताना दगडाखाली कोळसा पुरला होता, हे तिनं लहानपणी ऐकलं होतं. कोळसा कुजत नाही. दगड कुणीही उचलून नेईल, मातीत मुरलेला कोळसा कोण नेणार? तिनं दोन्ही घरं वावरात बोलावली. पंच म्हणून गावातले नारायणराव आले आणि पुष्पाबाईही आल्या. कोळसा निघाला की वाद मिटला, असं तिला मनापासून वाटत होतं. प्रयोगशाळेत तसंच होई. पुरावा समोर ठेवला, की भांडणारा मुकाट्यानं मान डोलवी.

"काऊन वं सुचिता," ऋत्विक हसत म्हणाला, "जमिनीखालचं बी दिसते का तुह्या मशीनीत?"

"दिसते. उभा राह्य अन् पाह्य," ती म्हणाली, आणि दगडाच्या जुन्या जागी सब्बल, लोखंडी पहार, मारत राहिली.

गुडघाभर खोलीवर माती काळी झाली. तिनं बोटांनी उकरून कोळशाचे तुकडे काढले आणि ओंजळ हिंमतरावांपुढं धरली. ते दुसरीकडं पाहू लागले.

"निघाला ना बुवा कोळसा, हिंमतराव!" नारायणराव म्हणाले, आणि जमलेल्यांतलं कुणीतरी मोठ्यानं हसलं.

त्या हसण्यानं घात केला. ऋत्विकनं निवृत्तींच्या छातीत लाथ घातली. म्हातारा खड्ड्यात उताणा पडला. "बाप-लेकीनं गावात नाक कापलं माहं," असं ओरडत ऋत्विकनं कुंपणाच्या काट्या तोडायची कुऱ्हाड उचलली आणि निवृत्तींच्या डोक्यावर उगारली. सुचितानं हात मध्ये घातला.

ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. पंजा मनगटापासून लोंबला आणि रक्ताची चिळकांडी बाईंच्या लुगड्यावर उडाली. सुचितानं डाव्या हातानं सब्बल ओढली आणि ऋत्विकच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडलं. तो पडला, कुऱ्हाड सुटली, तरी ती हाणतच राहिली, मांडीवर, खांद्यावर. हिंमतराव "मारू नको वं, पोरी" म्हणत ढेकळांत बसकन खाली बसले. अखेर पुष्पाबाईंनी तिला मागून मिठी घातली, तेव्हा ती थांबली. बाईंनी पदर फाडून तिचं मनगट करकचून आवळलं.

"बाई, बोटं हलत नाहीत," ती म्हणाली. तेव्हा कुठं ती रडली.

मेहकरच्या दवाखान्यात टाके पडले, मग मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. हात राहिला, पण अंगठा तर्जनीला टेकेना. हिंमतराव दवाखान्यात आले. ऋत्विकचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि दोन्ही बाजूंनी केसेस झाल्या होत्या.

"आपसात मिटवू, पोरी. दोघंबी केस मागं घेऊ."

"मोठेबाबा, मी त्याचा गुडघा फोडला, त्याची सजा भोगीन," ती म्हणाली. "त्यानं माहा हात तोडला, त्याची त्यानं भोगावी."

केस मागं घेतली गेली नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तिला संगणकावर बसायचं काम देऊ केलं. तिनं नाकारलं. खोलीवर ती पाण्याच्या थेंबात खसखस टाकून डाव्या हातानं फासात धरायला शिकू लागली. पुष्पाबाई तिच्याकडं राहायला गेल्या, तेव्हा भिंतीवर डाग होते. दाणे निसटले, की ती बशी भिंतीवर फेकायची. बाईंनी काचा वेचल्या आणि बाजारातून स्टीलच्या बशा आणल्या. त्याही तिनं फेकल्या. त्यांना पोचे आले, फुटल्या नाहीत.

खटला मेहकरच्या कोर्टात अजून चालू आहे. सुचिता त्याच प्रयोगशाळेत आहे. स्फटिक ती डाव्या हातानं उचलते. दिवसाला पूर्वीच्या निम्मेच होतात.