कुंचीचे बंद

"कुणी शिवलं हे? मी विचारतेय, कुणी शिवलं?"

आई ओरडत होती. एका हातानं तिनं कुंची बंदांना धरून वर उचलली होती, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी. दुसरा हात शिवणमशीनच्या लाकडी पेटीवर आपटत होती. आईचा आवाज म्हणजे काय सांगू — टेंभी नाक्यावर तिनं भाजीवाल्याला हाक मारली की बाळकुमच्या खाडीतले मासे तळ गाठायचे. त्या दिवशी मात्र तो आवाज मधेच फाटत होता. समोर खाटेवर वहिनी पडून होती. चार दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता, आणि तो रडलाच नव्हता. दादा त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

मला ओळखणारे आता खुर्ची पुढे ओढतील. मध्या सांगतोय म्हणजे काहीतरी झकास असणार. कळव्याच्या खाडीत सुसरीच्या पाठीवर बसून पैलतीर गाठणारा मीच की. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की सुसर दर वर्षी हातभर वाढत गेली. पण ही गोष्ट — ही मी एका माणसाखेरीज कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही.

ती कुंची मी शिवली होती.

थांबा, असं एकदम नाही कळायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा गटांगळी खाऊन घरात बसलेला. वहिनीला आई नव्हती. आईची आठवण म्हणून कल्याणहून लग्नात तिच्याबरोबर एक हातमशीन आलं होतं, तेवढंच तिच्याजवळ माहेरचं. दुपारी आई कीर्तनाला गेली की वहिनी मशीन काढायची. मी आधी नुसता चाक फिरवायला बसायचो. मग एके दिवशी तिनं मला उशीचा अभ्रा शिवायला दिला. मग चड्डी, मग बुशशर्ट. काय सांगू, त्या सुईखालून कापड सरकायला लागलं की मला मॅट्रिक, दादाची बोलणी, सगळं जग विसरायला व्हायचं. आयुष्यात मला नीट येणारी ती एकच गोष्ट होती.

आणि तीच मी लपवली. का? मिसरूड फुटलेला मुलगा बायकांसारखा घरात शिवत बसतो, हे चाळीला कळलं असतं तर? म्हणून मी गिरगावातला एक मास्तर जन्माला घातला. एका डोळ्यानं आंधळा. दुसऱ्या डोळ्यानं नुसतं बघून माप घेतो. संस्थानिक त्याच्या जिन्यात रांग लावून उभे असतात. माझे शर्ट तो शिवतो. चाळीतल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे त्याचा पत्ता मागितला. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची आणि गप्प राहायची. तिनं माझं गुपित असं सांभाळलं.

तिला दिवस गेले तेव्हा मला वाटलं, आपण तिला काहीतरी द्यावं. आमच्यात जन्माआधी बाळासाठी नवं काही शिवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. बाळ आधी जुन्यात निजवायचं, नवं सगळं नंतर. पण धीर कुठला. सातव्या महिन्यात ती आठ दिवस कल्याणला वडिलांकडे गेली, तेव्हा मी अंजिरी खणाची कुंची बेतली. डोक्यावर टोक, मानेपाशी बारीक चुण्या, पाठीवर सोडलेला जरीचा काठ. खोटं सांगत नाही — म्हणजे माझ्या तोंडी हे शोभत नाही, पण खरंच — तेवढं चांगलं मी पुन्हा काही केलं नाही. फक्त हनुवटीखाली बांधायचे बंद लावले नाहीत. मुद्दाम. बंद नाहीत म्हणजे कुंची पुरी नाही, आणि पुरी नाही म्हणजे शिवलीच नाही, असा कायदा मी माझ्यापुरता काढला. बारशाच्या सकाळी दोन बंद लावायचे आणि वहिनीच्या हातात ठेवायची. तोवर मशीनच्या पेटीत, चिंध्यांच्या खाली.

तिथेच ती आईला सापडली.

"सुमन, तूच ना गं? तुझ्याशिवाय आहे कोण या घरात शिवणारं?"

वहिनीनं कुंचीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. घरात शिवणारी माणसं दोनच, हे तिला आणि मला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? आईनं मला झोडपलं असतं. चाळ महिनाभर हसली असती. एवढंच ना? कुंची शिवल्यानं बाळ जात नाही हे मला तेव्हाही कळत होतं — मग मला भीती कसली होती? पण त्यांना तसं वाटत होतं. आणि ज्यानं शिवली त्यानं बाळ नेलं, हे कुणावर तरी बसणारच होतं.

दारातून दादा म्हणाला, "मध्या, तू दिवसभर घरात असतोस. तुला नाही दिसलं?"

आणि माझी जीभ सुटली. नेहमीसारखीच. मी म्हणालो, "दोन दुपारी शिवत होत्या. मी म्हटलंसुद्धा, वहिनी, आधी शिवू नये म्हणतात. त्या हसल्या."

'त्या हसल्या.' हे कुणी मागितलं होतं माझ्याकडे? शिवत होत्या, एवढ्यावर भागलं असतं. पण मला गोष्ट तशी उघडीबोडकी सोडवत नाही, तिला काठ लावल्याशिवाय चैन पडत नाही. आईनं पुढची सगळी वर्षं तेच धरून ठेवलं. हसली ही. सांगत होता पोरगा, तर हसली.

महिन्याभरात मशीन वाड्याला माझ्या मावशीकडे गेलं. वहिनीच्या आईचं मशीन. हातगाडीवर चढवताना वहिनीनं पेटीची कडी लावून दिली, बाकी काही नाही. पुन्हा मूल झालं नाही. चाळीत बारसं असलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, सुमन, तू जरा मागे बस. ती मागे बसायची.

आणि मी? मशीन गेलं, नवे शर्ट थांबले. लोक विचारू लागले, तेव्हा मी गिरगावच्या मास्तरला मारून टाकलं. काय अंत्ययात्रा काढली म्हणता. चार संस्थानिक खांद्याला, मागून सातशे गिऱ्हाइकं आपापल्या अर्धवट शिवलेल्या कोटांत. ओटीवर लोक पोट धरून हसत होते. वहिनी आत तांदूळ निवडत होती. दार उघडंच होतं.

सहा वर्षांनी मला मुलगी झाली. तोवर आई गेली होती, दादा-वहिनी डोंबिवलीला राहायला गेले होते. बारशाचं आमंत्रण करायला मी एकटाच गेलो. दुपार होती. वहिनी खिडकीशी बसून दादाच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून शिवत होती, हातानं. बारशाला या म्हणालो. ती म्हणाली, मागे बसायला येईन.

तेव्हा मी सांगितलं. कुंची मी शिवली, खोटं बोललो, तुम्ही हसला नव्हता. यात सांगण्यासारखा एवढाच ऐवज होता. आयुष्यात पहिल्यांदा मला काही वाढवून सांगता आलं नाही. माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, आणि आजही नाही.

तिनं दाताखाली दोरा तोडला. वर पाहिलं नाही.

"तुम्ही बंद लावायचे ठेवले होतेत, भाऊजी," ती म्हणाली. "मला आठव्या महिन्यात सापडली. बंद मी लावले."