सीटमागची फळी
साडूने घेतलेल्या नव्या मोटारीत परवा बसलो आणि कोऱ्या रेक्झिनच्या वासाने मला थेट आडगाव नाक्यावरच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या आवारात नेऊन उभे केले. मी घाबरलो म्हणून तिथल्या शेटने मला नाकारले, ही साडूची कथा साफ खोटी आहे. ड्रायव्हरची ती नोकरी मी नाकारली. सटाण्याचा कांदा कलकत्त्याला न्यायचा होता, पगार दुप्पट होता आणि नव्या ट्रकची किल्ली माझ्या हातात पडली होती. तापलेल्या केबिनमध्ये चढलो, तेव्हा सीटमागची झोपायची फळीच काढून टाकलेली दिसली. "जोडीला दुसरा ड्रायव्हर देणार का?" मी विचारले. "एकट्यानंच जायचं." "मग फळी लावा, शेट." तो हसला. "फळी लावली की गाडी थांबते, उस्ताद. कांदा थांबत नाय. दुप्पट पगार काय झोपायला देतो?" मी किल्ली सीटवर ठेवून खाली उतरलो. सोबत आलेले चार ड्रायव्हर माझ्या बाजूने बोलतील, अशी माझी खात्री होती; ते आपापल्या चपलांकडे पाहत राहिले. त्यांच्यातलाच साडू पुढे झाला. "द्या ती चावी. मला तशीबी झोप लय कमी!" सगळे हसले. आज त्याचे दुमजली घर आहे आणि मी भाड्याच्या खोलीत राहतो, म्हणून लोकांना त्याचेच खरे वाटते. परवाही मोटार चालवता चालवता त्याने ती कथा नातवाला ऐकवली. तिच्यात शेट असतो, कांदा असतो, माझी भीतीसुद्धा असते; किल्लीसाठी पुढे आलेला हात तेवढा नसतो. आणि त्याच्याच मोटारीतून घरी निघालेला मी, तो हात माझ्या शेजारीच असताना, गप्प बसलो.