माझ्या नावावरचे गोल

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. फोन त्याच्या धाकट्या भावाचा होता. काविळीचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटोपलं... पुढे तो काय बोलला ते मला आठवत नाही. समोरच्या सहकाऱ्याने विचारलं, ‘कोण हो?’ आणि मी म्हणालो, ‘इगतपुरीचे एक ओळखीचे होते.’ ओळखीचे! ज्याच्या जिवावर मी चौदा-पंधरा वर्षं सरकारी खुर्ची उबवली, तो माझ्या फक्त ओळखीचा होता. डबा मी नंतर पूर्ण खाल्ला, हेही सांगून टाकतो. आता सांगायला बसलोच आहे तर काही झाकून ठेवायचं नाही.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही नाशिकच्या कॉलेजात एकत्र आलो. जनार्दन रोज सकाळच्या गाडीने इगतपुरीहून यायचा. वडील रेल्वेत गँगमन, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि हॉकी शिकला तो तिथल्याच मैदानावर. पावसाचे चार महिने तिथे मैदान कसलं, निव्वळ चिखल. ‘आमच्याकडं चेंडू पळतच नाय, उचलावाच लागतो,’ असं तो म्हणायचा, आणि खरोखर स्टिकच्या टोकावर चेंडू अलगद उचलून बचाव करणाऱ्याच्या गुडघ्यावरून पलीकडे टाकायचा. कोरड्या मैदानावर वाढलेल्या पोरांना ते कळायच्या आत गोल झालेला असायचा. मी मखमलाबादच्या फुलमळ्यातला. संघात होतो, पण राखीव. खरं सांगायचं तर स्टिकांचा गठ्ठा आणि पाण्याची बादली सांभाळायला.

एस.वाय.ला जना आपटला. नापास मुलाला विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळता येत नसे. जिमखान्याच्या सरांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि चहा पिता पिता तोडगा काढला, ‘विलास, फॉर्म तुझा भर. फोटो याचा लाव.’ त्या काळी असं सर्रास चालायचं, आणि आम्हाला त्यात गंमतच वाटली. मग आठवडाभर सरावात सगळ्यांनी जनाला ‘विलास’ म्हणून हाक मारायची, त्याने वळून बघायचं, असा उद्योग चालला. पहिल्या दिवशी हाक आली की मीच वळायचो आणि तो चेंडूमागे धावत सुटायचा. पण शिकला. माझ्या नावाने तो कॉलेजकडून खेळला, माझ्या नावाने विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. नाशिकच्या एका सामन्यात त्याने तीन गोल मारले तेव्हा सगळं मैदान ‘विलास, विलास’ म्हणून ओरडत होतं. मी प्रेक्षकांत होतो, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं... लाज तेव्हा वाटली नाही, ती आता वाटते.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव आलं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कात्रण फुलबाजारात नेऊन दहा जणांना दाखवलं आणि पेढे वाटले. संध्याकाळी जना घरी आला, तात्यांच्या पाया पडला. तात्या त्याला म्हणाले, ‘तू बी जरा इलाससारखं मन लावून खेळ की रे. नुसता हिंडतो.’ मी तिथेच होतो. जनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘व्हय तात्या, करतो प्रयत्न,’ म्हणाला आणि पेढा खाल्ला.

विद्यापीठाचं प्रमाणपत्र आलं तेही तोच घेऊन आला. ‘घे, लय घाम गाळलास,’ म्हणून हसला. त्या कागदावर फोटो नव्हता. दोन वर्षांनी खेळाडूंच्या राखीव जागेतून मला नोकरी लागली ती त्या कागदावर. मी जनाला विचारलं नाही. कळवलंही बऱ्याच उशिरा.

तो मात्र खेळतच राहिला. सातपूरच्या एका कारखान्याने त्याला तात्पुरता कामगार म्हणून घेतलं. स्पर्धा आल्या की बोलवायचे, संपल्या की ब्रेक द्यायचे. देवळाली, मनमाड, भुसावळ, जिथे म्हणून हॉकीचा सामना असेल तिथे तो स्वतःच्या नावाने खेळला, आणि त्या सामन्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिशीकडे झुकला तेव्हा एका खात्यात खेळाडूंची भरती निघाली. त्यांना कॉलेजातल्या खेळाचा पुरावा हवा होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहिला. मी त्याला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. जिमखान्याचे सर खरं काय ते लिहून द्यायला तयार होते, सोबत माझं एक पत्र हवं होतं, इतकंच. मी म्हणालो, ‘जना, माझी नोकरी जाईल.’ एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, ‘आणि खेळायची हौस तुझीच होती. मी काय सांगायला आलो होतो?’

त्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘जाईल का नोकरी? माझ्या ध्यानातच नाय आलं बघ. ऱ्हाऊ दे मग.’ आणि तात्यांचा गुडघा कसा आहे ते विचारलं.

तेराव्यानंतर इगतपुरीच्या मैदानावर शोकसभा झाली. ‘विद्यापीठ गाजवलेले खेळाडू’ अशी माझी ओळख करून दिली गेली. संघातले दोन जुने सवंगडी खाली मान घालून बसले होते. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, ‘जना मोठा खेळाडू होऊ शकला असता.’ होऊ शकला असता! कुणी उठून माझ्या थोबाडीत मारली नाही.

सभेनंतर त्याच्या घरी गेलो. त्याची अकरा वर्षांची मुलगी, ऋतुजा, एक जाड वही घेऊन आली. ‘काका, ही तुमची कात्रणं. बाबांनी जपून ठेवली होती. ते म्हणायचे, विलासकाकासारखा खेळाडू नाशकात झाला नाय.’ प्रत्येक कात्रणावर माझं नाव, आणि खाली पेन्सिलने जनाचं अक्षर... ‘मैदान ओलं. डावीकडून आत. गोली पुढे आला म्हणून उचलला.’ गोल मारणाऱ्यालाच ठाऊक असावं असं सगळं. पोरीला वाटत होतं, तिचा बाप बाहेर बसून माझा खेळ बघत होता. मी वही पिशवीत घातली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी पकडली.

तीन आठवडे ती वही घरात होती. मागच्या सोमवारी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. वरातीमागून घोडं, हे मलाही कळतं. आता नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मग वही घेऊन इगतपुरीला गेलो. जनाची बायको, सुमनवहिनी, भाजी निवडत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे त्यांनी मान वर केली नाही त्यावरून समजलं. मी ऋतुजाला समोर बसवलं, वही उघडली आणि सांगितलं, ‘यातला एकही गोल माझा नाही. सगळे तुझ्या बाबांचे आहेत. नाव तेवढं माझं होतं.’

ती बराच वेळ पेन्सिलीची ती अक्षरं वाचत राहिली. मग म्हणाली, ‘मग बाबा माझ्याशी खोटं का बोलले?’

‘माझी नोकरी जाऊ नये म्हणून.’

तिने वही माझ्या हातातून काढून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

‘मला तरी सांगायचं ना त्यांनी,’ ती म्हणाली. ‘मी कुणालाच सांगितलं नसतं.’