मोठीमायचे हात

कामठ्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी आमगावच्या माझ्या दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. “भाऊजी, माय गेली,” एवढंच ती बोलली. गिऱ्हाइकाला चार प्रती हव्या होत्या, मशीनमधून चाळीस निघाल्या. मला मात्र एकच गोष्ट सुचत होती... शेवटचं पान अजून वाचून दाखवायचं राहिलंय.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, आमच्या थोरल्या बाबांची बायको आणि वहिनीची सासू. शाळेत गेली नव्हती. जन्मभर विड्या वळल्या. आणि मला गोष्ट लिहायला तिनं शिकवलं, हे आमच्या घरात अजून कुणाला खरं वाटत नाही. मी आमच्या खानदानातला गप्पिष्ट. लग्न असो की बारसं, जेवणं झाली की “दिलीप, ते सायकलवालं सांग” अशी फर्माईश होणारच. थोरले बाबा सासऱ्यांना मासे खाऊ घालायचे म्हणून सायकलनं बोदलकसाच्या तलावावर गेले, पाळीवर उभी केलेली सायकल घसरून पाण्यात गेली, आणि ते मासे नाही, सायकल नाही, नुसता हवेचा पंप हातात घेऊन ओलेचिंब घरी आले. लोक पोट धरून हसायचे. पन्नाशी ओलांडल्यावर मला वाटलं, हेच लिहून काढू. वह्या-पेनं दुकानात होतीच. माझी लेखक म्हणून तयारी म्हणाल तर तेवढीच.

लिहिलं ते कुणाला तरी ऐकवायला हवं. घरात बायको म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा. मग मी रविवारी स्कूटर काढून कामठ्याला जाऊ लागलो. मोठीमाय मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. कापलेलं तेंदूचं पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोटांकडे ती बघायचीसुद्धा नाही. मी वाचायचो आणि चोरून तिचे हात बघायचो. पहिल्याच रविवारी, तलावावर मी जो पौर्णिमेचा चंद्र उगवला होता, तिथं तिचा हात थांबला. मी मनातल्या मनात उडीच मारली. बाई गुंगली!

मग काय, मला मंत्रच सापडला. हात थांबला ते ठेवायचं, हात चालत राहिला ते कापायचं. चंद्र वाढवला. एक मगर सोडली. थोरल्या बाबांच्या डोळ्यांतून आसवं काढली. दर रविवारी हात जास्त वेळा थांबू लागले आणि मी शीळ घालत घरी येऊ लागलो. कापलेली पानं दुकानात पेन्सिली बांधायला वापरली.

पाचव्या की सहाव्या रविवारी न राहवून मी तिला माझा मंत्र सांगितला. ती इतकी हसली की ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावत आली.

“अरे येड्या, मन गोष्टीत असलं का हाताची याद कोनाले राहते? हात आपले चालत रायतेत. तू खोटं आनलं का मन तिथून घसरते, मंग हात दिसते मले. थांबते.”

“म्हणजे चंद्र...”

“दुपारचे गेले होते ते. चंद्र काऊन आनला तू?”

म्हणजे मी महिनाभर चांगलं तेवढं नेमकं निवडून फेकलं होतं. आमगावातल्या अर्ध्या पोरांच्या दप्तरात माझं उत्तम लेखन पेन्सिलींभोवती गुंडाळून गेलं होतं. पण खरं सांगतो, त्या दिवशी स्कूटर चालवताना मला लाज वाटलीच नाही. अंगात वारं भरलं होतं. काय करायचं ते पहिल्यांदा कळलं होतं!

पुढच्या रविवारी मी वही बंद ठेवली आणि विचारलं, “मोठीमाय, त्या दिवशी खरं झालं काय?”

तिनं दोरा दातानं तोडला. “सायकल माया बापानं देली होती. अन् तोच जेवाले येऊन रायला होता. हे सायकल काढाले सांजवरी पान्यात उतरत रायले. पाय सोलून निघाले होते. तुमी सारे हासता, तं मीबी हासतो.”

एवढी वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो आणि सोललेले पाय मला ठाऊक नव्हते.

मी सगळं नव्यानं लिहिलं. तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. सूप कोपऱ्यात गेलं. मी खाटेशी बसून वाचलं. थोरले बाबा पुन्हा पुन्हा पाण्यात उतरत होते, आणि चादरीवर तिची बोटं चालत होती... पान नाही, तंबाखू नाही, नुसती वळत होती. एकदाही थांबली नाहीत.

“अन् मंग?” तिनं विचारलं.

“शेवट पुढच्या रविवारी आणतो.”

मंगळवारी वहिनीचा फोन आला.

तेरवी झाल्यावर मी शेवटचं पान घेऊन कामठ्याला गेलो. त्याच खोलीत वहिनी मांडीवर तेच सूप घेऊन बसली होती. मी वाचू लागलो. नवरा दारात उभा आहे, आत सासरे पाटावर बसलेत. बायको पुढे येते. त्याच्या हातातला पंप घेते, पदरानं पुसते, आणि खुंटीला टांगते...

मी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर तो पंप खरंच खुंटीला होता. रबर कधीच झडलं होतं, पण नळीवर धूळ नव्हती.

“वाचा ना भाऊजी, काऊन थांबले?” वहिनी म्हणाली. तिचे हात चालूच होते.